प्रसूतिगृह मिळाले, सुईण हरवली

गेल्या वीस वर्षांत भारतीय स्त्रीच्या आयुष्यात जे बदल घडले, त्यांतील सर्वांत मोठा आणि तरीही सर्वांत कमी चर्चिला गेलेला बदल बाळंतपणाच्या खोलीत घडला आहे. २००५-०६ सालच्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या वेळी देशातील शंभरांपैकी जेमतेम एकोणचाळीस बाळंतपणे दवाखान्यांत होत असत. बाकीची घरीच उरकली जात. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर जाऊन पोचले. महाराष्ट्रात ते ९४.७ टक्के आढळले. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलेल्या समाजाने अवघ्या दीड दशकात माजघराचा अंधारा कोपरा सोडून दवाखान्याची वाट धरावी, ही सामान्य गोष्ट नव्हे. २००५ साली सुरू झालेली जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि रात्री-अपरात्री धावणारी रुग्णवाहिका यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्याचे फळही मिळाले. २०१४-१६ या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. महाराष्ट्रात ती ३३ होती. हे यश नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु जागा बदलली म्हणजे सारेच बदलले असे होत नाही. घरातल्या त्या कोपऱ्यात बाळंतिणीजवळ एक अनुभवी बाई बसलेली असे. तिला अक्षरओळख नसेल, जंतू म्हणजे काय हेही ठाऊक नसेल. पण कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे. दवाखान्यात त्या बाईची जागा कोणी घेतली, हा प्रश्न आपल्या नियोजनकर्त्यांना फार उशिरा सुचला. प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर ती जागा कोणीच घेतली नाही.

जिल्ह्याच्या गावचे एखादे सरकारी रुग्णालय डोळ्यांपुढे आणावे. प्रसूतिकक्षात ओळीने टेबले मांडलेली, त्यांवर पाच-सहा जणी एकाच वेळी कळा देत असलेल्या, आणि त्या सर्वांच्या वाट्याला दोन परिचारिका. त्या परिचारिकांनी सलाइन लावावयाचे, इंजेक्शने द्यावयाची, नोंदवह्या भरावयाच्या, संगणकात माहिती चढवावयाची, भांडारातून औषधे आणावयाची आणि मधूनमधून डॉक्टरांना फोन करावयाचा. आई किंवा सासू बाहेर बाकावर ताटकळत असते. आत विशी-बाविशीची मुलगी पाठीवर उताणी, पाय टांगलेले, अंगावर धड पांघरूण नाही, आणि ती ओरडली तर ‘ओरडू नको’ यापलीकडे तिच्याशी कोणी चार शब्द बोलत नाही. हे बोलणाऱ्या परिचारिका दुष्ट असतात असे मुळीच नव्हे. दोन हातांना सहा जणींचे काम दिले की जीभ तिखट होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता गावातलेच एखादे खाजगी प्रसूतिगृह पाहावे. तेथे स्वच्छता आहे, खोली स्वतंत्र आहे, डॉक्टरबाईही कुशल आहेत. मात्र सकाळची तपासणी, दुपारच्या शस्त्रक्रिया, संध्याकाळची पुन्हा तपासणी हे सर्व त्यांना एकटीलाच पाहावे लागते. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. तेवढा वेळ तिच्या उशाशी बसणे त्या डॉक्टरबाईंना शक्य नाही, आणि ज्यांना बसवले आहे त्या मुली बहुधा त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नसतात. मग दिवस मावळताना नातेवाइकांना बोलावून सांगितले जाते की, बाळाचे ठोके कमी होत आहेत, थांबण्यात धोका आहे. ते खरेही असेल; पुष्कळदा असतेही. परंतु खरे किती आणि थकव्यापोटी वा भीतीपोटी किती, हे कागदावर सही करणाऱ्या नवऱ्याला कसे कळावे?

दोन्हीकडे उणीव एकच आहे. नैसर्गिक बाळंतपणाचे शास्त्र जिने पूर्णवेळ शिकले आहे, तेच जिचे एकमेव काम आहे आणि ते संपेपर्यंत जी तेथून उठणार नाही, अशी व्यक्ती तेथे नाही. या व्यक्तीला सरकारी मराठीत प्रसाविका म्हणतात आणि इंग्रजी शिकलेले लोक मिडवाइफ म्हणतात. आपल्या आजीच्या बोलीत तिच्यासाठी सुईण हा शब्द होता. तो मात्र आपण हळूहळू अपमानास्पद करून टाकला.

तो अपमानास्पद का झाला, याचे कारण वैद्यकात नसून समाजात आहे. ज्या घटनेने वंश पुढे चालतो तिलाच आपण विटाळ मानला, आणि बाळंतिणीला शिवणारी, नाळ कापणारी, रक्ताने भरलेली वस्त्रे उचलणारी बाईही त्याच विटाळात ढकलली. साडीचोळी आणि पायलीभर धान्य देऊन तिची बोळवण झाली की पुढच्या बाळंतपणापर्यंत तिची आठवण कोणाला होत नसे. ‘गरज सरो नि वैद्य मरो’ ही म्हण वैद्यापेक्षा सुईणीलाच अधिक लागू पडेल. पण येथे भाबडेपणाही नको. सुईणीच्या अज्ञानाने असंख्य बायका आणि बाळे दगावली आहेत. गंजलेल्या विळ्याने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात बालकांचा धनुर्वात हा या देशातला फार मोठा शाप होता. त्याचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, तेव्हा कोठे त्यातून सुटका झाली. जुन्या सुईणीला परत आणावे, असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, तिचे अज्ञान टाकून देताना तिची सोबतही टाकून द्यावयास हवी होती काय?

स्वातंत्र्यानंतरच्या नियोजनात ही सोबत टिकवण्याचा विचार झाला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. साहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे बोलीभाषेतील ‘नर्सबाई’, हे पद मुळात बाळंतपणासाठीच निर्माण झाले. तिचे शिक्षण दोन वर्षांचे होते आणि त्यातला मोठा भाग प्रसूतिविद्येचा होता. पुढे १९७३ साली कर्तारसिंग समितीने ‘बहुउद्देशीय कार्यकर्ती’ ही कल्पना मांडली. त्यानंतर १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आणण्यात आला आणि प्रसूतीच्या शिक्षणालाही कात्री लागली. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, लसीकरण, हिवताप, क्षयरोग, नोंदवह्या असे एकेक ओझे तिच्या खांद्यावर चढत गेले. बहुउद्देशीय या शब्दाचा आपल्या कारभारातला अर्थ बहुधा असाच असतो: सगळे थोडे थोडे करावयाचे आणि मुख्य काम विसरावयाचे. आज उपकेंद्रातील कित्येक नर्सबाईंना वर्षानुवर्षे स्वतंत्रपणे एकही बाळंतपण करण्याचा प्रसंग येत नाही. नाव मात्र अजून प्रसाविकाच आहे.

रुग्णालयातल्या परिचारिकेची कथा थोडी वेगळी, पण तितकीच विचित्र. आपल्याकडे परिचर्येची पदविका किंवा पदवी घेणारी प्रत्येक मुलगी परिषदेच्या पटावर परिचारिका म्हणून नोंदवली जाते आणि त्याच वेळी प्रसाविका म्हणूनही. कागदोपत्री पाहिले तर देशात लक्षावधी प्रसाविका आहेत. प्रत्यक्षात त्यांतील कोणी नेत्रविभागात आहे, कोणी अस्थिविभागात, कोणी कार्यालयात. प्रसूतिकक्षात तीन-चार वर्षे काढून एखादीचा हात बसतो न बसतो तोच बदलीचा आदेश येतो आणि तिच्या जागी हृदयरोग विभागातून दुसरी येते. सुताराला लोहाराच्या भट्टीवर आणि लोहाराला रंध्यावर बसवण्याचा हा प्रकार इतर कोणत्याही व्यवसायात हास्यास्पद ठरला असता. बाळंतपणात तो नियम होऊन बसला आहे.

या अनास्थेची किंमत पोट फाडून मोजली जाते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. २००५-०६ मध्ये देशातील ८.५ टक्के बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने होत होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २१.५ टक्के झाले. सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के, तर खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होते. महाराष्ट्रात एकंदर २५.४ टक्के, गोव्यात ३९.५ टक्के आणि तेलंगणात तर ६०.७ टक्के! त्या राज्यातील खाजगी दवाखान्यांत शंभरांपैकी ऐंशीहून अधिक बालके शस्त्रक्रियेने जन्मली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ सालीच सांगून ठेवले होते की, हे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांपलीकडे असण्याचे समर्थन करता येत नाही. २०१५ मध्ये तिने पुन्हा स्पष्ट केले की, एखाद्या लोकसमूहात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात बालके यांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. अर्थात शस्त्रक्रिया ही शत्रू नव्हे. अडलेल्या बाईचे आणि गुदमरलेल्या बाळाचे प्राण तीच वाचवते. बिहारमधील सरकारी दवाखान्यांत याच पाहणीत हे प्रमाण चार टक्क्यांनाही पोचले नव्हते, ही गोष्ट तितकीच भयावह आहे. तेथे जिला शस्त्रक्रियेची गरज होती तिला ती मिळालीच नाही. एकीकडे गरज नसता सुरी आणि दुसरीकडे गरज असता सुरी नाही, अशा कोंडीत हा देश सापडला आहे. गर्भाशयावर एकदा व्रण पडला की पुढच्या खेपेस वार त्याच ठिकाणी घट्ट चिकटण्याचा आणि जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे सही करताना किती जणींना सांगितले जाते?

प्रशिक्षित प्रसाविका या कोंडीतून कशी वाट काढते, हे समजण्यासाठी तिचे काम जवळून पाहावयास हवे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांपासून तिचा त्या स्त्रीशी परिचय असावा, ही या पद्धतीची पहिली अपेक्षा. कळा सुरू झाल्यावर ती तिला टेबलावर जखडून ठेवत नाही. हिंडू देते, बसू देते, पाणी-पेज घेऊ देते, कुशीवर किंवा उकिडवे होऊन कळा द्यावयाच्या असतील तर तशा देऊ देते. पूर्वी घरोघरी खांबाला किंवा दोरीला धरून बायका बाळंत होत, त्यामागे निसर्गाचा जो साधा हिशेब होता तो आता शास्त्रानेही मान्य केला आहे. कंबर चोळणे, श्वास कसा सोडावा हे सांगणे, भीती घालवणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी कामे तिच्या दृष्टीने औषधाइतकीच महत्त्वाची असतात. आणि हे सारे चालू असताना तिचे कान बाळाच्या ठोक्यांवर आणि डोळे घड्याळावर असतात. काही न करता लक्ष ठेवून थांबणे ही वैद्यकातील सर्वांत अवघड कला आहे. ती येण्यासाठी शिकावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीसंबंधी ज्या शिफारशी केल्या त्यांत सरसकट टाके पडतील असा छेद घेऊ नये, बाळ बाहेर यावे म्हणून पोट दाबू नये, गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर या गतीने उघडत नाही एवढ्याच कारणावरून घाई करू नये, असे बजावले आहे. आपल्या प्रसूतिकक्षांत यांपैकी किती गोष्टी रोज घडतात, हे तेथून आलेल्या कोणत्याही स्त्रीला विचारावे.

थांबावयाचे कोठवर, हेही प्रसाविकेला ठाऊक असते. तिच्या हाती प्रसूतीचा आलेख असतो. या आलेखाची कथा मोठी बोधक आहे. १९७२ मध्ये फिल्पॉट आणि कासल या दोन डॉक्टरांनी आफ्रिकेतील तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, या आलेखावर दोन तिरप्या रेषा आखल्या: एक सावध करणारी, दुसरी कृती करावयास लावणारी. दूरच्या केंद्रात एकट्याने काम करणाऱ्या प्रसाविकेला कोणत्या बाईला मोठ्या रुग्णालयात हलवावे आणि केव्हा हलवावे, हे वेळीच कळावे हा त्यांचा हेतू होता. म्हणजे हे साधन मुळात प्रसाविकेच्या निर्णयासाठी घडले. आपल्याकडे मात्र तो आलेख कित्येकदा बाळ जन्मल्यानंतर, फाइल पुरी करण्यासाठी भरला जातो. हे या क्षेत्रातले उघड गुपित आहे.

असे काम डॉक्टरांवाचून सुरक्षित असते काय, ही शंका साहजिक आहे. तिला इतिहासाने दिलेले एक उत्तर विसरण्याजोगे नाही. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४० च्या सुमारास प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली विद्यार्थ्यांच्या विभागात शंभरातील अकराहून अधिक माता मरण पावल्या. सुईणींच्या विभागात तीनही नाहीत. शहरातल्या गरीब बायका पहिल्या विभागात दाखल होऊ नये म्हणून हातापाया पडत. इग्नाझ झेमेलवाइस या तरुण डॉक्टराने १८४७ मध्ये कारण शोधून काढले: विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती होताच मृत्यू झपाट्याने घटले. ही गोष्ट डॉक्टरांना हिणवण्यासाठी सांगावयाची नाही, कारण तो शोधही एका डॉक्टराचाच होता. कोणाच्या हाती पदवी मोठी आहे यावरून बाळंतिणीची सुरक्षितता ठरत नाही, एवढेच त्यातून निघते.

अलीकडचा पुरावा अधिक शांत स्वरात तेच सांगतो. प्रसाविकांच्या अखंड देखरेखीची इतर पद्धतींशी तुलना करणाऱ्या १७ चाचण्यांचा, अठरा हजारांहून अधिक स्त्रियांचा, कोक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये एकत्रित आढावा घेतला. प्रसाविकांकडे नैसर्गिक प्रसूती काहीशा अधिक, शस्त्रक्रिया आणि चिमटे काहीसे कमी, आणि स्त्रियांचे समाधान निश्चितपणे जास्त, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा फरक डोळे दिपवणारा नाही, आणि या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. जेथे मुळात शस्त्रक्रियांचे प्रमाण मर्यादित आहे आणि परिचारिका पुरेशा आहेत, तेथेही जर फरक पडत असेल, तर सहा बायकांमागे दोन परिचारिका असलेल्या देशात तो अधिक पडण्याची अपेक्षा धरणे अवाजवी ठरू नये.

दूरच्या देशांकडे पाहण्याचेही कारण नाही. श्रीलंकेत १९२६ साली कळुतारा येथे पहिले आरोग्य केंद्र निघाले आणि घरोघर फिरणारी सार्वजनिक आरोग्य प्रसाविका हा त्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा कणा बनला. तिला शिक्षण दिले, सरकारी नोकरी दिली, ठरावीक लोकसंख्या नेमून दिली आणि तिच्यामागे रुग्णालय उभे केले. तो देश श्रीमंत होण्याच्या कितीतरी आधी तेथील मातामृत्यू दर काही वर्षांनी निम्म्यावर येत गेले. आजही ते भारताच्या निम्म्याहून कमी आहेत. (तेथेही अलीकडे शस्त्रक्रिया वाढल्या आहेत, त्या रोगापासून कोणताच देश सुटलेला नाही.) स्वीडनमध्ये तर १८२९ पासून शिकलेल्या सुईणींना प्रसूतीची उपकरणे वापरण्याचा कायदेशीर अधिकार होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मातामृत्यूचे प्रमाण अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी होते. अधिकार दिल्याने अनर्थ झाला नाही. न दिलेल्या देशांत मात्र पुष्कळ झाला.

भारत सरकारला हे पटले आहे, ही समाधानाची गोष्ट. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसाविका-सेवेसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. परिचर्येचे शिक्षण आणि अनुभव असलेल्या परिचारिकांना आंतरराष्ट्रीय दर्जाचे अठरा महिन्यांचे खास शिक्षण द्यावयाचे, आणि मोठ्या रुग्णालयांना लागून प्रसाविकांनी चालवावयाचे स्वतंत्र प्रसूतिकक्ष उघडावयाचे, असा तो आराखडा आहे. निर्धोक बाळंतपण प्रसाविकेने करावे. गुंतागुंत दिसताच भिंतीपलीकडच्या प्रसूतितज्ज्ञाला बोलवावे. तेलंगणाने तर एक वर्ष आधीच, २०१७ मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या साहाय्याने करीमनगर येथे तीस परिचारिकांची पहिली तुकडी शिकवावयास घेतली होती. ज्या राज्यात मुहूर्त पाहून पोट उघडण्याची चाल पडली, त्याच राज्याला हा उपाय प्रथम सुचावा यात नवल नाही. काटा ज्याच्या पायात, त्यालाच तो आधी टोचणार.

या योजनेला विरोध दोन बाजूंनी होतो. गरिबांसाठी नर्स आणि श्रीमंतांसाठी डॉक्टर अशी ही वाटणी नव्हे काय, असे काही लोकप्रतिनिधी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. परंतु स्वीडन, नेदरलँड्स आणि ब्रिटन या देशांत श्रीमंत-गरीब असा भेद न करता नैसर्गिक बाळंतपण प्रसाविकाच करतात. २०१५ मध्ये ब्रिटनची राजकन्या शार्लट जन्मली तेव्हाही बाळंतपण प्रसाविकांनीच केल्याचे वृत्त होते; डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. खरी विषमता आज आहे: गरीब बाईला कोणीच नाही आणि मध्यमवर्गीय बाईला थकलेला डॉक्टर. आणि ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत प्रसूतितज्ज्ञांच्या आवश्यक पदांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश पदांचा तुटवडा असल्याचे केंद्र सरकारचीच २०२१-२२ ची आकडेवारी सांगते. ज्या डॉक्टरांची वाट पाहावयाची ते तेथे नाहीतच.

दुसरा विरोध खुद्द डॉक्टरांचा. त्याची हेटाळणी करणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. बाळ दगावले तर काच फुटते ती डॉक्टरांच्या दवाखान्याची, आणि न्यायालयात खेचले जाते ते त्यांनाच. उलटपक्षी शस्त्रक्रिया केली म्हणून आजवर कोणी कोणाला जाब विचारलेला नाही. शिवाय बारा तासांच्या जागरणाला आणि तासाभराच्या शस्त्रक्रियेला मिळणाऱ्या मोबदल्याचे गणित उफराटे आहे. या परिस्थितीत तालुक्याच्या गावच्या एकट्या डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रियेकडे झुकणे हा चारित्र्याचा दोष मानता येणार नाही. नेमक्या त्यांनाच प्रसाविकेची सर्वांत अधिक गरज आहे. रात्रभर बसणारी, आलेख भरणारी, पहाटे तीन वाजता ‘अजून थांबता येईल’ किंवा ‘आता थांबू नका’ असे अधिकाराने सांगणारी सहकारी मिळाली, तर त्यांचा व्यवसाय बुडणार नाही. त्यांची झोप मात्र वाचेल. म्हणूनच हे शिक्षण सरकारी नोकरांपुरते न ठेवता खाजगी प्रसूतिगृहांतील परिचारिकांनाही खुले करावयास हवे, आणि विम्याच्या योजनांत नैसर्गिक बाळंतपणाला शस्त्रक्रियेपेक्षा कमी पैसे देण्याची पद्धत थांबवावयास हवी.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी उघडलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात फसलेल्या विधवांची बाळंतपणे होत, ती समाजाने तोंड फिरवलेले असताना. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाच्या पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषयही हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हाच होता. आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका आणि सुईणीच्या शिक्षणाची वाट मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांना मोकळी केली. ज्या कामाला शिवणे म्हणजे विटाळ, ते काम शिकून करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे, असे त्या पिढीने कृतीने सांगितले. त्यानंतर शंभर वर्षांनी आपण त्याच कामातली प्रतिष्ठा काढून घेतली, हा प्रवास उलटाच म्हणावा लागेल.

आज आदिवासी तालुक्यांत राज्य सरकारची माहेरघर ही योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईने पावसाळ्यात नदी-नाले ओलांडत, झोळीतून येण्याची वेळ येऊ नये म्हणून आधीच आरोग्य केंद्राशेजारी राहावयास यावे, अशी तिची कल्पना आहे. नाव सुंदर आहे, हेतूही. पण माहेर केवळ चार भिंतींनी होत नाही. आपली बोली बोलणारी, आदल्या खेपेला काय झाले हे ठाऊक असलेली, रात्री कळा आल्या तर उठून बसणारी बाई तेथे असली तर त्या घराला नावाप्रमाणे अर्थ येईल. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या भागांतल्याच परिचारिकांना अठरा महिन्यांचे शिक्षण देऊन तेथेच नेमणे, हा प्रसाविका-सेवेचा महाराष्ट्रातला प्रारंभ असावयास हवा. मुंबई-पुण्याची वातानुकूलित रुग्णालये नंतर पाहता येतील.

कायद्याची वाट आता बरीच मोकळी झाली आहे. १९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला, आणि प्रसाविकांचा व्यवसाय त्याच्या नावातच आला. नावापासून अधिकारापर्यंतचे अंतर अजून कापावयाचे आहे. कोणती औषधे तिने स्वतःच्या जबाबदारीवर द्यावीत, कोणत्या कागदावर तिची सही चालावी, तिच्यासाठी स्वतंत्र पदे आणि बढतीची शिडी कोणती, हे राज्यांनी नियमांनी ठरवून दिले नाही, तर अठरा महिने शिकून आलेली प्रसाविका पुन्हा डॉक्टरांचे हातमोजे उचलून देणारी परिचारिकाच राहील.

एक सुधारणा मात्र पैशांवाचून आणि विधिमंडळावाचून उद्यादेखील करता येईल. प्रसूतिकक्षात तयार झालेल्या परिचारिकेची अन्य विभागात बदली होऊ नये, असा एक आदेश आरोग्य संचालनालयाने काढावा. आणि प्रत्येक सरकारी प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत, बाळाचे वजन आणि जन्माची वेळ लिहितात त्याच ओळीत, आणखी एक रकाना आखावा: कळा सुरू झाल्यापासून या स्त्रीजवळ कोण होते, आणि किती वेळ.